नंदीच्या झुलीवरची चांदीची तार परत परत का उठते

पितळेचा नंदी, हत्ती, मोर, कासव, आणि अंगावर चांदीच्या तारेची नक्षी: धातूत खाच कोरून तिच्यात तार ठोकून बसवलेली. मूर्ती घासून, चमकवून घरी जाते. दोन-तीन महिन्यांत झुलीच्या कडेची तार बोटाला लागायला लागते. मग पुसायच्या फडक्याचा धागा तिच्यात अडकतो आणि एक दिवस बोटभर तार उभीच राहते. कुणीतरी ती इन्स्टंट ग्लूने चिकटवतं. पावसाळा सरतो न सरतो तोच ती त्याच जागी परत वर येते.

पुण्यात हे दुखणं हमखास हवेच्या माथी मारलं जातं. एप्रिल-मेचं ऊन, जुलैची गारठ, धातू फुगला, आकसला. हिशेब करून बघा. एक अंश तापमान वाढलं की चांदी दर दहा लाख भागांत साधारण १९ भाग वाढते आणि पितळ १९ ते २०. १०० मिमी लांबीची तार ४० अंशांच्या फरकाने ०.०७६ मिमी वाढेल, तेवढ्याच लांबीचं पितळ ०.०७६ ते ०.०८ मिमी. दोघांतला फरक केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाइतकाही नाही. पितळेवर किंवा ब्रॉन्झवर चांदी असेल तर हवा निर्दोष आहे. लाकडावर मात्र ती खरी गुन्हेगार आहे, त्याबद्दल शेवटी.

खाच खोल, म्हणून तार सैल

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण ऐकायला उलटं वाटतं: खाच गरजेपेक्षा खोल कोरलेली असते. खोल कोरली की तार घट्ट बसेल असं मनाला वाटतं. पण तार खोलीमुळे टिकत नाही. ती टिकते खाचेला पोट असल्यामुळे, म्हणजे खाच तोंडाशी अरुंद आणि बुडाशी रुंद असल्यामुळे. ठोकल्यावर चांदीने त्या पोटात पसरायला हवं, आणि पसरायला तेवढी चांदी तर हवी.

०.५ मिमी व्यासाच्या गोल तारेचा छेद, म्हणजे आडव्या कापाचं क्षेत्रफळ, ०.१९६ चौरस मिमी भरतो. खाच तोंडाशी ०.५, बुडाशी ०.६ आणि खोल ०.३२ मिमी असेल तर तिचा छेद होतो ०.१७६. म्हणजे चांदी खाचेपेक्षा ११ टक्के जास्त आहे. ती पोट पूर्ण भरते, थोडी वर उरते आणि कानशीने निघून जाते. आता तीच खाच ०.५ मिमी खोल करा. छेद ०.२७५ झाला, तार तेवढीच. चांदी खाचेचा ७१ टक्केच भाग भरणार. वरून बघाल तर तोंड भरलेलं, चकचकीत, आणि खाली पोकळी. ही तार अडकलेली नाही, नुसती टेकलेली आहे.

म्हणून नियम साधा ठेवा: खोली तारेच्या व्यासाच्या साठ ते पासष्ट टक्के, तोंड तारेइतकं, बूड तारेपेक्षा वीस टक्के रुंद. ०.७ मिमी तारेला खोली साधारण ०.४५, बूड ०.८४. तार गेजच्या आकड्यावर विसंबून घेऊ नका. एसडब्ल्यूजी (ब्रिटिश गेज) २४ म्हणजे ०.५६ मिमी आणि एडब्ल्यूजी (अमेरिकन गेज) २४ म्हणजे ०.५१. छेदात हा फरक वीस टक्क्यांचा पडतो. व्हर्नियरने मोजूनच घ्या.

खाचेची खोली मोजायला या मापाचं साधन सहसा जवळ नसतं. त्याच तारेचा तुकडा खाचेत नुसता ठेवा आणि बाजूने सोनारी भिंगातून बघा. तारेचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग कडेच्या वर दिसायला हवा. तार पूर्ण बुडून कडेला सपाट झाली असेल तर ती खाच वाया गेली. तिथे जाड तार घ्यावी लागेल.

पोट काढायला आधी सपाट तोंडाची कलम (कोरायचं हत्यार) चालवून खाचेचं बूड सरळ करायचं. मग अरुंद कलम एका अंगाला कलती धरून डावी भिंत खालून कापायची, मूर्ती फिरवून उजवी. दोन्ही भिंती कापायच्या. एकाच भिंतीला पोट दिलेली खाच हे अर्धवट कामाचं लक्षण, आणि ते वळणावर हमखास उघडं पडतं. बुडाला दर दीड-दोन मिमीवर कलमेच्या टोकाने छोटे काटे उठवले तर आणखी चांगलं. चांदी त्यांच्यात रुतते.

कुठे उठली, ते आधी बघा

तार कुठे उठली यावरून निम्मं निदान होतं. म्हणून चिकटवायच्या आधी भिंग डोळ्याला लावा आणि सुईने तारेच्या कडेने चाचपत जा.

टोकाशी उठली असेल, शेपटीच्या गोंड्याशी किंवा झुलीच्या कोपऱ्यावर, तर खाचेचं टोक उताराचं राहिलेलं असतं. कलम हळूहळू वर येत बाहेर पडते, त्यामुळे शेवटचा मिलिमीटर घसरगुंडीसारखा होतो. उलट बाजूने कलम लावून ते टोक उभं कापा, तिथेही पोट द्या, तार मिलिमीटरभर लांब ठेवा आणि तो वाढीव भाग सुंब्याने (हातोडीखाली धरायच्या बोथट पोलादी कांडीने) आत कोंबा.

वळणावर, कानाच्या किंवा शिंगाच्या कडेने उठली असेल तर दोन गोष्टी तपासा. एक, आतल्या भिंतीला पोट आहे का. वळणात कलम बाहेरच्या भिंतीला चिकटून जाते आणि आतली कोरी राहते. दोन, तार वळवताना कडक झाली होती का. चांदी वाकवली, ओढली, ठोकली की कडक होते. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम करतात ते मुद्दाम यासाठीच: हातोडीच्या ठोक्यांनी तांब्याचं भांडं कडक होतं, आकार धरतं. तिथे जे हवं असतं तेच इथे नको. लहान वळणाची तार आधी वेगळी वाकवा, तापवून परत मऊ करा आणि मगच खाचेत घाला.

पोटावर, पाठीवर, मानेच्या फुगीर भागावर उठली असेल तर मूर्ती पोकळ आहे का ते बघा. ओतीव मूर्तीची भिंत २–३ मिमीची असते. तिच्यावर ठोकलं की ती स्प्रिंगसारखी दबून परत येते. ठोक्याची ताकद भिंत खाते आणि चांदी पसरतच नाही. हे कानांनी ओळखता येतं. ठोकताना ‘टण्ण’ असा घुमणारा आवाज येत असेल तर थांबा. आवाज ‘ठक’ असा बसका, कोरडा यायला हवा. त्यासाठी बैठकीच्या भोकातून पोकळीत राळ भरायची: राळ, विटेची बारीक पूड आणि थोडं गोडेतेल, पातळ होईपर्यंत तापवून. आधी मूर्ती आतून पूर्ण वाळलेली हवी, कारण थेंबभर पाणी असलं तरी गरम राळ उसळून हातावर येते. थंड व्हायला रात्रभर ठेवा. काम झाल्यावर मूर्ती हलकेच तापवून राळ ओतून काढता येते.

मधेच, सरळ रेषेत, तीन-चार मिमीचाच तुकडा उठला असेल तर बहुतेक तिथे ओतकामातलं छिद्र आहे. खाचेची भिंत खालून पोकळ निघते आणि ठोकल्यावर ढासळते. तिथे खाच कितीही सुधारली तरी उपयोग नाही. छिद्र ड्रिलने गोल करून त्यात त्याच धातूची खुंटी ठोकून बसवा, घासून सपाट करा आणि खाच त्या खुंटीवरून नव्याने कोरा. किंवा नक्षीची रेष दोन मिमी सरकवा. गिऱ्हाइकाला कळतही नाही.

आणि खाचेच्या कडांचेच टवके उडत असतील तर धातू चुकला आहे. ब्रॉन्झ आणि कांसं बाजारात एकाच दमात बोलले जातात, पण घंटेचं कांसं, ज्यात कथील वीस-बावीस टक्के असतं, ते ठिसूळ असतं. घंटेला ते उत्तम, तारकामाला निरुपयोगी. कथील दहा टक्क्यांच्या आसपास असलेलं ब्रॉन्झ घ्या. पितळेत शिसं जास्त असेल तर कलमेखाली सलग कुरळी साल न निघता भुगा पडतो. कोरायला सोपं वाटतं, पण पातळ कडा तुटतात. ओतणाऱ्याकडून पहिल्यांदा माल घेताना एक पट्टीही ओतून घ्यावी आणि तिच्यावर कलम चालवून बघावी.

तार आणि ठोका

चांदी ९९९ घ्या. ९२५ मध्ये साडेसात टक्के तांबं असतं, त्यामुळे ती जास्त कडक असते आणि तापवल्यावर काळवंडते. दागिन्याला ९२५ योग्य, खाचेला नाही. जंतरपट्टीतून (लहान होत जाणाऱ्या भोकांच्या पोलादी पट्टीतून) ओढलेली तार कडक असते, तेव्हा तिचं सैलसर वेटोळं करा, चांदीच्याच तारेने बांधा आणि मंद ज्योत सतत फिरवत तापवा. शुद्ध चांदीला लालीपर्यंत नेऊ नका. बारीक तार लाल दिसली की वितळायला वेळ लागत नाही. वेटोळ्यावर काळ्या मार्करची खूण करा. ती खूण जळून नाहीशी झाली की ज्योत बाजूला घ्या. मऊ झालेली तार बोटांवर मेलेल्या दोऱ्यासारखी लोंबते. ती उसळी मारत असेल तर परत तापवा.

ठोकायला ५०–६० ग्रॅमची हातोडी पुरते. चूक होते ती सुंब्यात. पहिल्याच फेरीला रुंद सुंबा वापरला की तारेचं डोकं छत्रीसारखं कडांवर पसरतं आणि खालची चांदी होती तिथेच राहते. आधी टोकं हलकेच टाचून घ्या. मग खाचेपेक्षा किंचित अरुंद, ०.४५ मिमी तोंडाच्या, गुळगुळीत घासलेल्या सुंब्याने मधून टोकांकडे जा, ठोके एकमेकांवर अर्धे चढवत. दुसरी फेरीही त्याच सुंब्याने. तिसऱ्या फेरीला २ × ३ मिमीचा सपाट सुंबा. चौथी फेरी मोह म्हणून मारली जाते, ती टाळा. तोवर चांदी कडक झालेली असते आणि एकीकडे दाबली की दुसरीकडे उचलते.

मूर्तीला हात लावण्याआधी त्याच धातूच्या पट्टीवर ५० मिमीची एक खाच कोरून तार बसवा, तिची सेंटिमीटरभर शेपूट मोकळी सोडा. ती चिमट्यात धरून सरळ वर ओढा. तार खाचेच्या तोंडाशी तुटली तर काम पक्कं. खाचेतून सोलून निघाली तर मूर्तीवरचीही निघणार, फक्त दिवस माहीत नाही.

वरची चांदी कानशीने कडेपर्यंत आणा, मग ४००, ८००, १२०० चा पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून. बोटाने धरलेला पेपर मऊ चांदी आधी खातो आणि तार खड्ड्यात जाते. बफिंगच्या चाकावर मूर्ती न्यायची घाई तर नकोच. चाक तारेची कड पकडून ओढतं, आणि बफचं मेण फटींत भरतं. तारेच्या कडेने बारीक काळी रेघ दिसत असेल तर ती नक्षीची सावली समजू नका. ती फट आहे, तिच्यात मेण आहे, आणि पुढच्या वर्षी तार उठणार ती तिथूनच.

उठलेली तार परत बसवताना

ग्लू लावू नका. लावला असेल तर तो आधी काढायचा, नाहीतर नवी तार ग्लूच्या थरावर बसेल आणि चांदी धातूला भिडणारच नाही. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस त्या जागी ठेवून वरून प्लास्टिक गुंडाळा, तासाभराने कलमेच्या टोकाने खरवडा. तापवून जाळता येतो, पण धूर डोळ्यांना झोंबतो. खिडकी उघडी हवी, आणि आत राळ असेल तर तो मार्ग बंद.

तार फक्त उठलेल्या जागेपुरती काढू नका. सुईने चाचपत पक्क्या जागेपर्यंत जा, तिथे तिरकी कापा. नवी तारही तशीच तिरकी कापून मिलिमीटरभर चढवा, म्हणजे ठोकल्यावर सांधा दिसत नाही.

दुरुस्ती पुन्हा फसते ती पुढच्या पायरीला. खाच साफ करून पोट नव्याने काढलं की ती मोठी होते. समजा तोंड ०.५५, बूड ०.६८, खोली ०.३५ झाली. छेद ०.२१५. जुन्याच मापाची ०.५ ची तार घातली तर ९१ टक्केच भरते, म्हणजे पुन्हा सैल. ०.५५ ची घेतली तर छेद ०.२३८, दहा टक्के जास्त. दुरुस्तीला नेहमी एक माप जाड तार. एकच तार तीन वेळा उठल्याची तक्रार असते तिथे तिन्ही वेळा तीच जुनी तार सरळ करून परत ठोकलेली सापडते.

तारेच्या कडेने हिरवं येतंय

हे दुखणं मात्र पावसाळ्याचं आहे. फट, ओल आणि क्षार किंवा आम्ल एकत्र आले की पितळ आणि चांदी मिळून छोटीशी बॅटरी होते. त्यात झिजतं ते पितळ, कारण दोघांत रासायनिकदृष्ट्या ते जास्त क्रियाशील. चांदी शाबूत राहते, पण तिला धरून ठेवणारी भिंत खंगते.

क्षार कुठून येतात? देव्हाऱ्यातल्या नंदीवर दूध-दह्याचा अभिषेक होतो, हळदकुंकू लागतं. सणाआधी चिंच, लिंबू किंवा भांडी घासायची पावडर लावून मूर्ती लख्ख केली जाते. भांड्याला ते ठीक आहे. तारकामाच्या मूर्तीत ते आम्ल फटीत जाऊन बसतं आणि पाण्याने धुतलं तरी निघत नाही. मूर्ती देतानाच सांगून ठेवा: अभिषेक तांब्याच्या साध्या नंदीवर, तारेच्या नंदीला फक्त फूल. दहापैकी सात जण ऐकतात.

हिरवं आलंच असेल तर लिटरभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर खायचा सोडा विरघळवा, मऊ ब्रशने तारेच्या कडेकडेने घासा, मग साध्या पाण्याने आणि शेवटी बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने धुवा. ६०–७० अंशांवर अर्धा तास वाळवा, पण आत राळ नाही ना हे बघून. मूर्ती कोमट असतानाच मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर लावा. उष्णतेने मेण फटीत ओढलं जातं. हे वर्षातून एकदा, मेअखेरीस.

काळ्या रंगाबद्दल थोडं. ‘बिदरीसारखं काळं करून द्या’ अशी मागणी असते. बिदरी म्हणजे बीदरचं, काळ्या धातूत चांदी जडवलेलं काम. तिचा मिश्रधातू मुख्यतः जस्ताचा, त्यात थोडं तांबं. बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांनी तो धातू काळा होतो आणि चांदी पांढरी राहते. पितळेवर तो काळा चढत नाही. नवसागर लावून फक्त फटीत क्षार भरतात. ब्रॉन्झ काळं करायला लिव्हर ऑफ सल्फर (गंधक आणि पोटॅशचं मिश्रण) चालतं, पण ते चांदीलाही काळं करतं. नंतर ठोकळ्यावरच्या १५०० च्या पेपरने फक्त तार उजळावी लागते, म्हणून अशा कामात तार कडेपेक्षा जरा वर ठेवायची. त्या द्रावणाजवळ आम्ल आणू नका, विषारी वायू सुटतो. शुद्ध सोन्याची तार असेल तर ती काळी पडत नाही आणि हा सगळा त्रास वाचतो. खिशाचा वाढतो.

लाकडाचा घोडा असेल तर

शिसवीच्या घोड्यावर तार उठली तर वरचं फारसं लागू नाही. लाकूड आडव्या अंगाने हवेतली ओल पिऊन फुगतं आणि सुकून आकसतं, तंतूंच्या दिशेने जवळपास अजिबात नाही. पुण्यात ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि एप्रिलच्या दुपारी २५ च्याही खाली येते. लाकडातली ओल १३ टक्क्यांवरून ७ वर आली आणि दर टक्क्याला पाव टक्का आकसलं असं धरलं, तर ६० मिमी रुंद अंग ०.९ मिमी कमी होतं. तार कमी होत नाही. ६० मिमीची तार ५९.१ मिमीत मावायची तर तिला मध्यभागी चार मिमीहून जास्त वर उचलावं लागतं. म्हणून लाकडावरची तार पावसात उठत नाही, होळीनंतर उठते.

तंतूंना आडवी जाणारी लांब सरळ रेष टाळा. नागमोडी घ्या किंवा १०–१२ मिमीचे सुटे तुकडे घ्या. गोल तारेपेक्षा चपटी पट्टी कडेवर उभी ठोकलेली चांगली टिकते. उत्तर प्रदेशातल्या मैनपुरीचे तारकशीवाले, म्हणजे लाकडात तार जडवणारे कारागीर, शिसमाच्या लाकडात पितळेची पट्टी तशीच बसवतात. आणि लाकूड मार्च-एप्रिलमध्ये, सुकं असताना कोरा. जुलैत कोरलेल्या घोड्याची आयाळ पुढच्या मेमध्ये खरोखरच उभी राहते.